भांडखोर मुलांना भांडण मिटवायला शिकवता येतं का?

प्रश्न : मी तेरखेड्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. वर्गात दोन गट आहेत. शाळा सुटली की मैदानामागं नाहीतर फाट्यावर त्यांची जुंपते. मागच्या महिन्यात एकाचं डोकं फुटलं. मी 'शांतता आणि अहिंसा' असा खास तास घेतला. निम्मी मुलं हसली आणि शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हे मार खाणारांनी शिकायचं असतंय." ज्याला भांडायचंच आहे, त्याला भांडण मिटवायला खरंच शिकवता येतं का? की एकदा पोलिसांना बोलावून दम दिलेला बरा?
— एक शिक्षिका, तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव)

उत्तर : ताई, येतं. तुमचं मन राखण्यासाठी हे म्हणत नाही. आपल्याच महाराष्ट्रात ते झालेलं आहे, जगातही झालेलं आहे, आणि कसं झालं हे सांगता येतं. मात्र त्याची सुरुवात शांततेवरच्या तासानं होत नाही. ज्या मुलाला भांडायचं आहे त्याला आधी शांतता शिकवायला जाऊ नका, नीट भांडायला शिकवा. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, पण ते अमलात कसं आणायचं हे सविस्तर सांगायला हवं.

आधी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे वळू, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य त्याचं आहे. त्यानं अहिंसेची टिंगल केलेली नाही. त्यानं एक रोखठोक हिशोब मांडला आहे : मी हात उचलला नाही तर उद्या मला कोणीही टपली मारून जाईल, मग तेव्हा तुम्ही कुठं असाल? त्याच्या लेखी मारामारी हे त्याचं संरक्षण आहे. ते काढून घ्यायचं असेल तर त्याच्या हातात आधी दुसरं काहीतरी द्यावं लागेल. नुसतं 'भांडू नका' म्हणणं त्याला 'उघडा पड' असं ऐकू येतं. अशा वेळी मुलं हसतात, आणि हसणाऱ्या मुलांवर रागावण्यात अर्थ नसतो.

मराठवाड्यात नाथांची गोष्ट ऐकली नाही असं घर नसेल. गोदावरीत स्नान करून आलेल्या एकनाथ महाराजांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ तितक्याच शांतपणे पुन्हा नदीवर जातात. परंपरा सांगते, १०८ वेळा. ही गोष्ट थोर आहे. पण चिडलेल्या वर्गात ती पहिल्या दिवशी सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाथांना पैठणात मान होता, त्यांच्या सहनशीलतेत त्यांची ताकद दिसत होती. ज्या घरातल्या माणसांनी खरोखर पिढ्यान्‌पिढ्या अपमान गिळला आहे, त्या घरातल्या चौदा वर्षांच्या पोराला या गोष्टीतून एवढंच कळतं की आपण गप्प बसायचं. तीच गोष्ट दोन वर्षांनी, त्याला स्वतःच्या ताकदीची खात्री पटल्यावर सांगा. मग त्याला ती वेगळी ऐकू येईल.

आता भांडण सुरू कसं होतं ते पाहू. तुमच्या वर्गातल्या शेवटच्या पाच मारामाऱ्या आठवा आणि मुलांना कारण विचारा. बहुतेक वेळा एकच उत्तर येईल : "त्यानं खुन्नस दिली." म्हणजे तो रोखून बघत होता. तो खरंच रोखून बघत होता की त्याला फळा दिसत नव्हता, हे कोणी तपासलेलं नसतं. केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० साली यावरच एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चुकून झालं की मुद्दाम, हे कळत नाही अशा प्रसंगात आक्रमक मुलं 'मुद्दामच केलं' असा निष्कर्ष काढतात आणि बाकीची मुलं तसा चटकन काढत नाहीत, असं त्याला आढळलं. मुद्दाम केल्याचा पुरावा समोर असला तर मात्र दोन्ही प्रकारची मुलं सारखीच चिडतात. त्यानंतर अनेक देशांत हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. याचा अर्थ असा की या मुलांचं बिघडलेलं असतं ते समोरच्याच्या मनातलं वाचणं. आणि वाचन सुधारता येतं, हे शिक्षिकेला मी सांगायला नको.

ते सुधारायचं कसं? शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम चालतो. किशोरवयीन मुलांचे छोटे गट, आठवड्याला एक तास, शाळेच्या वेळेतच. त्यातला एक खेळ तुम्ही उद्याच्या उद्या घेऊ शकता. मुलांच्या जोड्या करायच्या. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं : तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. एवढंच सांगायचं. चेंडू नसेल तर लिंबू चालेल. मुलं मूठ उघडायला जातात, बोटं पिरगाळतात, ढकलाढकली होते, बाकं हलतात. वेळ संपला की अदलाबदल करायची, पुन्हा तेच होतं. मग मूठ धरणाऱ्याला विचारायचं, "त्यानं नुसतं मागितलं असतं तर तू काय केलं असतंस?" बहुतेक मुलं म्हणतात, दिला असता, चेंडूच तर आहे. आणि दुसऱ्याला विचारायचं, "तू मागितला का नाहीस?" तेव्हा कोणीतरी म्हणतो, "मला वाटलं हा द्यायचाच नाही." हे वाक्य फळ्यावर लिहा आणि त्या दिवशी त्यापुढे काहीही शिकवू नका. बोध सांगायचा मोह फार होईल, पण तो आवरा. मुलांनी ते स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं आहे आणि तेवढं पुरे.

या कार्यक्रमाची शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी कडक चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडली, काहींना कार्यक्रम दिला, काहींना दिला नाही, आणि दोन्ही गटांची नोंद ठेवली. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळजवळ निम्म्यानं कमी झाल्या. त्यांनी दुसरी गोष्टही लपवली नाही : कार्यक्रम बंद झाल्यावर अटकांवरचा तो परिणाम टिकला नाही. म्हणजे एक तास घेऊन, एक पाहुणा बोलावून किंवा २ ऑक्टोबरला फेरी काढून हे काम होत नाही. गणितासारखं ते आठवड्याला हवं आणि वर्षभर हवं.

आता दमाकडे येऊ. तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो बहुतेक शाळांच्या मनात असतो. दमाचं औषध अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरून झालं आहे. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वांड मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेण्याचा प्रयोग होता. त्यावरचा 'स्केअर्ड स्ट्रेट' हा माहितीपट १९७८ साली गाजला आणि ठिकठिकाणी तसेच कार्यक्रम सुरू झाले. पुढे त्यांच्या नीट चाचण्या झाल्या, आणि त्या सगळ्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा निष्कर्ष आला की ज्या मुलांना असं घाबरवलं, त्यांनी न घाबरवलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले. काहीच केलं नसतं तरी बरं झालं असतं, इतका तो उलटा पडला. विचार केला तर यात नवल नाही. ज्या मुलाचा सगळा हिशोब 'ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं' असा आहे, त्याच्यासमोर आणखी मोठ्या आवाजाचा माणूस उभा करून आपण त्याचा हिशोब बरोबर असल्याची पावती देतो. छडीचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण कायदा नसता तरीही मी हेच म्हटलं असतं : मारणारा शिक्षक अहिंसेवर तास घेऊ शकत नाही, मुलं त्याचा हात बघून शिकतात.

दमाच्या उलट वाट आपल्याकडे एका छोट्या संस्थानानं धरली होती. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात, आटपाडीजवळ, १९३९च्या सुमारास 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन नावाचे मूळचे पोलंडचे ज्यू अभियंते गांधींच्या विचारांनी भारून औंधला आले होते. ते आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्या पुढाकारातून हा प्रयोग झाला. वसाहतीला भिंत नव्हती, पायात बेड्या नव्हत्या. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करत होती, बायकामुलांसह राहत होती. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी, आणि तो आटपाडीचा मुलूख त्यांचा स्वतःचा. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे.

चित्रपटात जेलरच्या नजरेची जादू मोठी दाखवली आहे, आणि बघणारा तीच लक्षात ठेवतो. मला वाटतं, खरी गोष्ट नजरेहून साधी होती. त्या माणसांना जमीन मिळाली, पीक मिळालं, घरचं माणूस जवळ मिळालं. पळून गेलं तर गमावण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे आलं. नुसता विश्वास पुरत नाही, विश्वासाबरोबर खरं काम द्यावं लागतं. तुमच्या वर्गातल्या दोन्ही गटांच्या म्होरक्यांना आज गमावण्यासारखं काय आहे, हे स्वतःला विचारा. मार्क नाहीत, बक्षीस नाही, शिक्षकांची शाबासकी तर कधीच नाही. आहे फक्त गटातला दरारा. तो सोडून द्या म्हटलं तर त्यांनी का सोडावा?

म्हणून माझा सल्ला असा की वर्गाची तंटामुक्ती समिती करा आणि त्या दोघा म्होरक्यांना तिच्यात घ्या. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. आबा गृहमंत्री होते. गावातल्या बांधाच्या, वाटणीच्या, किरकोळ मारामारीच्या भांडणांना कोर्टाची पायरी चढू न देता गावातच समजुतीनं मिटवायचं, ही तिची कल्पना. तुमच्या मुलांनी 'तंटामुक्तीचे अध्यक्ष' हे शब्द घरात ऐकलेले असतील, एखाद्याचा चुलता तिथं अध्यक्षही असेल. काही गावांत ती मोहीम पुरस्कारापुरती उरली हे खरं, पण गावकीतली भांडणं गावानंच ऐकून घ्यायची ही सवय आपल्याकडे जुनी आहे आणि मुलांना ती परकी वाटणार नाही.

'म्होरक्याला मॉनिटर करा' हा जुना उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेल. तो करू नका. मॉनिटरला इतरांची नावं लिहायची सत्ता मिळते आणि दांडगटाच्या हातात सत्ता गेली की तो आणखी दांडगट होतो. समितीतल्या मुलाला मात्र कोणाला शिक्षा करता येत नाही, निकालही देता येत नाही. त्यानं फक्त ऐकायचं आणि विचारायचं. प्रश्नही ठरलेले हवेत. काय झालं? तेव्हा तुला काय वाटलं? आता काय झालं म्हणजे तुझं समाधान होईल? एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. आणि सगळ्यांत अवघड नियम असा : आपलं म्हणणं मांडण्याआधी दुसऱ्यानं पहिल्याचं म्हणणं, त्याला पटेल असं, स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. पटवून घ्यायचं नाही, मान्य करायचं नाही, फक्त सांगायचं. सुरुवातीला मुलं मुद्दाम वाकडं सांगतील, आणि समोरचा "असं म्हणलोच न्हाई मी" म्हणून उसळेल. मग पुन्हा सांगायला लावायचं. चार-पाच वेळा असं झालं की आवाज खाली येतो, कारण चिडलेल्या माणसाला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की कोणीतरी आपलं नीट ऐकलं. मी नीट भांडायला शिकवा म्हटलं ते हेच. शेवटी जे ठरेल ते दोघांनी एका वहीत लिहून सह्या करायच्या, आणि आठवड्यानं ते पाळलं का हे विचारायला समिती त्यांना पुन्हा भेटेल.

भांडखोरच मध्यस्थ कसा होईल, असं मुख्याध्यापक विचारतील. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगात १९७५ साली कैद्यांनीच क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे मागणी केली की आम्हाला हिंसा टाळायला शिकवा, म्हणजे आम्ही पोरांना सांगू शकू. त्यातून 'अल्टरनेटिव्हज टू व्हायोलन्स' नावाचे वर्ग सुरू झाले आणि पुढे अनेक देशांच्या तुरुंगांत गेले. तिथं येण्याची सक्ती नसते, आणि शिकलेले कैदी पुढच्या कैद्यांना शिकवतात. ज्यानं स्वतः मारलं आहे तो जेव्हा सांगतो की मारून काय होतं, तेव्हा मारणारा ऐकतो. तुमचं, माझं, पुस्तकाचं तो ऐकत नाही.

समिती भांडण झाल्यावर नेमू नका, ही माझी सगळ्यांत आग्रहाची सूचना आहे. फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याला हे पटवून द्यायला लागू नये. फटाक्यांच्या कारखान्यात खोल्या एकमेकींपासून लांब बांधतात, एका खोलीत थोडाच माल ठेवतात, कोणी कुठून बाहेर पडायचं हे माहीत असतं, आणि हे सगळं ठिणगी पडायच्या आधी ठरतं. भांडणाचंही तसंच आहे. रक्त तापलेलं असताना कोणीही काहीही शिकत नाही. नियमांची तालीम शांत दिवशी, फालतू भांडणांवर करायची : खिडकीजवळची जागा कोणाची, क्रिकेटची बॅट कोणी आधी घ्यायची, पाण्याच्या टाकीपाशी रांग कोणी मोडली.

याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक पुरावा भिवंडीत आहे. १९७० आणि १९८४ या दोन भीषण दंगलींनी ते यंत्रमागांचं शहर होरपळलं होतं. १९८८ साली सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून गेले. जुन्या शांतता समित्यांमध्ये पुढारी बसत आणि दंगल पेटल्यावर आवाहनं काढत. खोपड्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत साध्या माणसांच्या समित्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्ही, आणि त्या भागाचा पोलीस त्यांच्याबरोबर. दंगल नसताना त्या भेटत राहिल्या, रोजच्या बारीकसारीक तक्रारी सोडवत राहिल्या. मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. मुंबई पेटली आणि तिच्या शेजारची, आधी दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी यावर पुस्तकही लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' त्या माणसांना कोणी अहिंसेचा उपदेश केला नव्हता. त्यांना एकमेकांची नावं माहीत होती, एकमेकांची दारं माहीत होती, आणि एकत्र बसून काही कामं झालेली होती. अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे कोणाला विचारायचं, ते त्यांना ठाऊक होतं. वर्गातल्या दोन गटांना एकमेकांची एवढी ओळख झाली तरी निम्मं काम झालं. तेव्हा प्रयोगाच्या तासाला, कबड्डीच्या संघाला, स्नेहसंमेलनाच्या कामाला जोड्या लावताना दोन्ही गट मिसळा, आणि काम असं द्या की एकट्याला ते जमणारच नाही.

इथं एक इशारा देतो, कारण याच ठिकाणी चांगल्या हेतूच्या शाळा चुकतात. प्रत्येक गोष्ट भांडण नसते. दोन सारख्या ताकदीची मुलं एकमेकांना भिडली तर ते भांडण. चौघांनी मिळून एकाला रोज छळलं, जातीवरून हिणवलं, मुलीची वाट अडवली, तर तो अन्याय आहे, आणि अन्यायात मध्यस्थी करायची नसते. छळणाऱ्याला आणि छळ झालेल्याला समोरासमोर बसवून 'दोघांनी थोडं समजून घ्या' म्हणणं म्हणजे दुबळ्याला दुसऱ्यांदा मारणं. गावच्या तंटामुक्तीलाही फक्त तडजोडीला पात्र असलेलीच फौजदारी प्रकरणं मिटवता येतात, त्यामागं हेच कारण आहे. अशा वेळी शाळेनं ठामपणे एका बाजूला उभं राहायचं, पालकांना आणि गरज पडली तर बालकल्याण यंत्रणेला कळवायचं. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी वर्गात सगळ्यांना माहीत असू द्या. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तरही यातच आहे. शाळा दुबळ्याच्या बाजूनं उभी राहते हे एकदा डोळ्यांनी दिसलं, तरच तो स्वतःची मूठ सैल करेल.

तुमच्या भागात पारधी वस्त्या आहेत, तांडे आहेत. तिथली मुलं वर्गात असतील तर त्यांच्या रागाकडे आणखी थोड्या समजुतीनं पाहा. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण संशय गेला नाही. वर्गात पेन हरवलं की सगळ्या माना ज्याच्याकडे वळतात, त्या मुलाला आपल्याकडे रोखून बघणारी प्रत्येक नजर शत्रूची वाटली तर त्याचं वाचन चुकीचं म्हणता येईल का? त्यानं ते अनुभवातूनच शिकलेलं आहे. तुमच्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला, १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी निवासी शाळा चालते. ज्या कामाशी गिरीश प्रभुणे यांचं नाव जोडलेलं आहे, ते हे काम. तुमच्या गावापासून ते फार लांब नाही. एक दिवस सवड काढून तिथल्या शिक्षकांशी बोला. तुमच्या प्रश्नाची रोजची, मातीतली उत्तरं त्यांच्याकडे मिळतील आणि ती माझ्या उत्तरापेक्षा सरस असतील.

हे सगळं घ्यायचं कुठल्या तासाला, असं तुम्ही मनात म्हणत असाल. शेजारच्या बीड जिल्ह्यानं याचं उत्तर दिलं आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं २००९मध्ये तिथल्या ५०० जिल्हा परिषद शाळांमध्ये 'मूल्यवर्धन' सुरू केलं, आणि पुढे शासनानं ते राज्यभर नेलं. मूल्यशिक्षण म्हणजे सुविचार आणि बोधकथा, ही समजूत त्यानं बाजूला सारली. मुलं जोडीत आणि गटात बसतात, बोलतात, आपले नियम आपणच ठरवतात. तुमच्या प्राथमिकच्या सहकाऱ्यांनी हे प्रशिक्षण घेतलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना विचारा आणि ते साहित्य आठवीच्या वयाला साजेसं करून घ्या. नव्यानं सगळं उभं करायची गरज नाही.

शेवटी वेळेबद्दल. दसरा-दिवाळी आली की तुमच्या वर्गातली काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातील आणि थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला परततील. समिती त्यांच्याशिवाय बसवली तर परत आल्यावर ती मुलं उपरी ठरतील, आणि उपऱ्या मुलांचा गट सगळ्यांत लवकर जमतो. म्हणून सुरुवात जूनमध्ये करा, जाणाऱ्या मुलांना समितीत जागा द्या आणि ती जागा त्यांच्या नावानं राखून ठेवा. हंगामी वसतिगृहात जी मुलं मागं राहतील, त्यांची शाळेतली बैठक चुकू देऊ नका.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती तुमच्या वतीनं मी इथूनच करतो. आठवड्याची ही एक तासिका वेळापत्रकात छापून घ्या, परीक्षा जवळ आली म्हणून ती गणिताला देऊ नका. एकट्या शिक्षिकेच्या उत्साहावर हे काम वर्षभर चालत नाही, शाळेनं ते आपलं मानलं तरच चालतं.